दर मोजणीला बांध का सरकतो, आणि पुढच्या मोजणीचे पैसे भरण्याआधी काय तपासावे

एकाच बांधाच्या दोन मोजण्या. दोन्ही सरकारी, दोन्ही ‘क’ प्रतींवर (मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशांवर) सही-शिक्का, आणि जागेवर दोन्हींच्या खुणांत सात-आठ फुटांचा फरक. मग तिसरा अर्ज, पुन्हा चलन, पुन्हा तारीख, आणि तिसऱ्या वेळी खुणा आणखी भलतीकडेच. तोवर शेजाऱ्याशी बोलणे बंद झालेले असते, बायकांचे विहिरीवर एकत्र जाणे थांबलेले असते आणि प्रकरण पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यावर पोहोचलेले असते.

अशा वेळी पहिला संशय मोजणीदारावर जातो आणि दुसरा यंत्रावर. लबाडी कुठेच होत नाही असे मी म्हणणार नाही. पण गावाकडच्या लोकांचे मोजणीचे कागद वाचून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि वारंवार दिसते ते असे, की चूक मापात कमी असते, आधारात जास्त असते. मोजणीदाराने कोणता जुना कागद हातात घेतला आणि जमिनीवरचा कोणता बिंदू पक्का मानून सुरुवात केली, यावर सगळी हद्द ठरते. दोन मोजणीदारांनी दोन वेगळे आधार घेतले की दोघांचीही मापे अचूक असूनही बांध दोन येतात. आधार न तपासता नुसती पुन्हा मोजणी मागितली तर घोळ वाढतो, म्हणून आधी तो शोधायचा कसा ते सांगतो.

कागद किती बारीक बोलतो

मुंबई इलाख्यातली शेतजमिनीची शास्त्रीय मोजणी इंदापूर तालुक्यात आकाराला आली. ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांची पहिली आकारणी फसल्यावर 1835-36 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच नव्याने काम उभे केले, आणि 1847 च्या ‘जॉइंट रिपोर्ट’ने त्याचे नियम बांधून दिले. हेतू शेतसारा ठरवण्याचा होता. कोणत्या शेतावर किती आकार बसवायचा हे ठरवायला जेवढी अचूकता लागते, तेवढी त्यांनी घेतली आणि त्या काळाच्या मानाने ती उत्तम होती. आज गुंठ्याला लाखांचा भाव आला आणि त्याच कागदाला आपण इंचाचा हिशेब विचारू लागलो.

ती मोजणी शंकू (काटकोन साधायचे साधन) आणि साखळीने झाली. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. शेतात एक मुख्य रेषा धरून तिच्यापासून काटकोनात दोन्हीकडच्या कोपऱ्यांची अंतरे घेतली आणि ती साखळी-आण्यांत लिहिली, तेच टिपण. टिपणावर ‘12-8’ असे दिसले तर 12 साखळ्या 8 आणे, म्हणजे 412.5 फूट, मीटरमध्ये 125.73.

आता एक आणा किती ते पाहा. 33 भागिले 16, म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच, साधारण 63 सेंटिमीटर. नोंदी बहुतेक पूर्ण आण्यांतच आहेत. म्हणजे मूळ कागदच एक फूट इकडे किंवा एक फूट तिकडे बोलतो, त्यापेक्षा बारीक बोलत नाही. सहा-आठ इंचांच्या वादाला टिपणातून निर्विवाद उत्तर मिळणार नाही, ते दोघांनी बसूनच मिटवायला हवे. मात्र सहा-आठ फुटांचा फरक टिपणाच्या मर्यादेत बसत नाही. त्यामागे कारण असते आणि ते शोधता येते.

मराठवाड्यात निजामी राजवटीतली आणि विदर्भात मध्य प्रांतातली मोजणी वेगळी झाली. तिथे जुन्या कागदांची नावे आणि मापे वेगळी भेटतील, तपासण्याची रीत तीच.

मोबाइलवर माझा बांध शेजाऱ्याच्या शेतात दिसतो

ही तक्रार अलीकडे सर्वांत जास्त येते आणि ती सर्वांत लवकर निकालात काढता येते. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा आपला गट (जमिनीचा क्रमांकित तुकडा) उपग्रहाच्या छायाचित्रावर टाकला की रेषा बांधाच्या बाजूला पडते. लगेच ‘त्याने आपले चार गुंठे खाल्ले’ असा निष्कर्ष निघतो.

गावनकाशा हा गावातल्या गटांची एकमेकांशी असलेली जागा दाखवण्यासाठी काढलेला आहे. 1:10,000 प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेनाची रेघ जमिनीवर पाच मीटर रुंद होते, 1:5,000 वर अडीच मीटर. मूळ नकाशा कागदावर किंवा कापडावर, दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेला, घड्या पडलेला, मग स्कॅन केलेला, मग त्यावरून संगणकावर रेषा ओढलेल्या. त्याखालचे उपग्रहाचे छायाचित्रही काही मीटर सरकलेले असू शकते. या दोन सरकलेल्या गोष्टी एकमेकींवर ठेवून बांधाचा निवाडा होत नाही.

मोबाइल घेऊन शेताभोवती फिरून क्षेत्र काढणाऱ्या अ‍ॅपचेही तसेच. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक चार-पाच मीटरपर्यंत असते, झाडाखाली त्याहून जास्त. एक एकराचे चौकोनी शेत धरले तर बाजू साधारण 63.6 मीटर येते. एकाच बाजूला चार मीटर चुकले की अडीच गुंठे गेले किंवा आले. अ‍ॅपचा उपयोग पेरणीचा, ठिबकचा, मजुरीचा अंदाज काढायला जरूर करा. त्यावरून शेजाऱ्याला दोष देऊ नका.

सातबाऱ्यावर आहे तेवढे जागेवर भरत नाही

इथे थांबून चार गोष्टी तपासाव्या लागतात, कारण यातल्या निम्म्या तक्रारींत अतिक्रमण नसतेच.

पहिली गोष्ट आर आणि गुंठ्याची. सातबारा हेक्टर-आरमध्ये, बोलणे एकर-गुंठ्यांत, आणि व्यवहारात 40 आर म्हणजे एकर असे सर्रास धरतात. एक गुंठा 101.17 चौरस मीटर, एक आर 100 चौरस मीटर. 1 हेक्टर 20 आर जमीन ‘तीन एकर’ म्हणून घेतली तर ती भरते 118.6 गुंठे, म्हणजे तीन एकराला जवळजवळ दीड गुंठा कमी. हा दीड गुंठा कोणी कोरलेला नाही, तो कधी नव्हताच.

दुसरी, पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य भाग. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे लिहिलेले असतात. एकूण क्षेत्राशी आपण नुसता कसलेला भाग ताडून पाहतो, आणि ओढ्याकाठची खडकाळ पट्टी हिशेबातच घेत नाही.

तिसरी गोष्ट कोकणात, मावळात आणि घाटाच्या पायथ्याला फार त्रास देते. नकाशावरचे क्षेत्र सपाट पातळीवरचे असते. उतारावर टेप जमिनीला टेकवून ओढली तर अंतर जास्त येते: 20 अंशांच्या उतारावर टेपने 100 मीटर भरले तर नकाशावर ते 94 मीटरच. जुनी साखळीही आडवी, पातळीत धरून मोजायची हाच नियम होता. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत घरच्या घरी टेप लावून ‘शेजाऱ्याचे जास्त भरते’ म्हणणाऱ्याने हे आधी पाहावे.

चौथी गोष्ट म्हणजे कमी-जास्त पत्रक (क.जा.प.), क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद. पाटाला, रस्त्याला, तलावाला जमीन गेली, मोबदला आजोबांनी घेतला, पण कमी-जास्त पत्रकाचा अंमल सातबाऱ्यावर झाला नाही. कागदावर पूर्ण क्षेत्र तसेच राहते, तेच वारसांत वाटले जाते, तेच विकले जाते. शेवटच्या खरेदीदाराची जमीन भरत नाही आणि तो बिचारा बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याशी भांडत बसतो, ज्याचा यात काडीचा संबंध नाही. गटाला पाट किंवा मोठा रस्ता लागून असेल तर भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीचा नकाशा आणि क.जा.प. आधी मागवा, मग बाकीचे.

या चारही गोष्टी तपासूनही कमी भरत असेल, तर एक तत्त्व पक्के ध्यानात ठेवावे. क्षेत्र हद्दीतून निघते, हद्द क्षेत्रातून निघत नाही. ‘माझे 82 आर भरेपर्यंत बांध सरकवा’ अशी मागणी मोजणीत चालत नाही. मोजणीदार कागदावरची हद्द जागेवर दाखवतो, तिच्या आत जे भरेल ते भरेल. खरेदीखतातही क्षेत्र आणि चतुःसीमा यांचा मेळ बसत नसेल तर साधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन मिळते.

दोन मोजण्या, दोन हद्दी

हा खरा दुखरा भाग, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दोन्ही मोजण्यांच्या ‘क’ प्रती शेजारी-शेजारी ठेवा. झेरॉक्सवर अंतर मोजू नका, झेरॉक्समध्ये प्रमाण बदलते. मोजणीचा प्रकार वाचा: हद्द कायम, पोटहिस्सा, बिनशेती, की कोर्टाची. बिनशेतीसाठी किंवा पोटहिश्श्यासाठी केलेली मोजणी आणि हद्द कायम मोजणी यांचे हेतू वेगळे असतात. पोटहिस्सा मोजणीत सहधारकांनी जागेवर दाखवलेली वहिवाट मोजली जाते, हद्द कायम मोजणीत अभिलेखातली हद्द. पहिलीत वहिवाटीची रेषा, दुसरीत अभिलेखाची, आणि आपण दोन्हींना ‘मोजणी’ म्हणून भांडतो, असे पुष्कळदा घडलेले असते. ‘क’ प्रतीच्या कडेला कोणती रेषा कशाची याचा खुलासा असतो. तो वाचल्याशिवाय नकाशा वाचला असे समजू नये.

मग फरकाची ठेवण पाहा. वाद असलेल्या बाजूपुरते न थांबता गटाच्या चारही बाजू बघायच्या. यातून बरेच कळते.

चारही बाजूंना फरक सारखाच आणि एकाच दिशेने असेल, म्हणजे पूर्वेची हद्द आठ फूट पूर्वेला आणि पश्चिमेचीही आठ फूट पूर्वेलाच, तर सगळा नकाशाच सरकून बसला आहे. दोन मोजण्यांनी वेगळे स्थिर बिंदू धरले. एकाने शिवेचा दगड धरला असेल, दुसऱ्याने रस्त्याची कड. रस्ता नंतर रुंद झाला असेल तर त्याची कड आधार म्हणून निरुपयोगी.

बांधाचे एक टोक जुळते आणि दुसऱ्या टोकाकडे जाता जाता फरक वाढत जातो, तर एक कोपरा चुकला आहे. बहुधा एक दगड हललेला किंवा मुद्दाम हलवलेला. 180 मीटरच्या बांधाला एका टोकाशी शून्य आणि दुसऱ्या टोकाशी अडीच मीटर फरक असेल तर मधली पाचर 225 चौरस मीटरची होते, सव्वादोन गुंठ्यांची.

फरक दोन्ही बाजूंना बाहेरच्या किंवा आतल्या दिशेने, म्हणजे गटच मोठा किंवा लहान आला, तर प्रमाणात चूक आहे. आकसलेल्या नकाशावरून अंतर काढले किंवा मापे बदलताना गोंधळ झाला.

आणि फरकाला कसलीच ठेवण नसेल, प्रत्येक कोपरा वेगळीकडे, तर कोणता अभिलेख वापरला तेच आधी पाहावे लागते. इथे गटाचा प्रश्न येतो. 1947 च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण योजना राबवली गेली, जुने सर्व्हे नंबर आणि हिस्से मिळून गट झाले. अनेक गावांत गटाचा नकाशा जुन्या नकाशांच्या आधारे कार्यालयात तयार झाला. शेतावर प्रत्येक गटाची नव्याने साखळी पडलीच असे नाही. मूळ टिपण जुन्या सर्व्हे नंबराचे, फाळणी (वाटणीच्या मोजणीचा कागद) हिश्श्यांची, आणि वाद गटाचा. एका मोजणीदाराने गट नकाशा बसवला, दुसऱ्याने सर्व्हे नंबराचे टिपण आणि फाळणी जोडून हद्द काढली. दोघांनी सरकारी कागदच वापरला.

माझे स्पष्ट मत असे, की टिपण आणि फाळणी उपलब्ध असेल तर गावनकाशावरून किंवा गट नकाशावरून अंतर मोजून काढलेल्या हद्दीवर समाधान मानू नये. टिपणावर शेतात प्रत्यक्ष मोजलेली अंतरे अंकांत लिहिली आहेत. नकाशावरचे अंतर रेघ मोजून काढावे लागते. अंक आकसत नाहीत, कागद आकसतो.

म्हणून पुढचा अर्ज करण्याआधी हे कागद जमवा: गट कोणत्या सर्व्हे नंबर-हिश्श्यांचा झाला ते दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा, त्या सर्व्हे नंबरांचे टिपण, गुणाकार (क्षेत्राच्या हिशेबाचा कागद), फाळणी नकाशा, आकारफोड (हिश्श्यांवर आकार वाटून दिल्याचा तक्ता), गट नकाशा, आणि आधीच्या प्रत्येक मोजणी प्रकरणातल्या मोजणी शीटची, जबाबांची, पंचनाम्याची नक्कल. जुने स्कॅन केलेले बरेच कागद ‘आपले अभिलेख’वर सापडतात, बाकीच्यांसाठी तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे नकलेचा अर्ज. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार आहेच. शेजाऱ्यांच्या गटांचेही टिपण काढा. बांध दोघांचा असतो, एकाच बाजूचा कागद पाहून तो ठरत नाही.

कागद हाती आले की शेतात जा, आणि शक्य असेल तर शेजाऱ्याला बरोबर घेऊन जा. गावातले ऐंशीच्या घरातले कोणी असतील तर त्यांनाही विनंती करा. जुने हद्दीचे दगड शोधायचे. काळ्या रानात ते कलतात, खाली जातात, बाभळीच्या बुडात अडकलेले असतात. वरून दिसले नाहीत तर जागेवर हलकेच उकरून पाहा. शिवेवरचे दगड आणि तीन गटांच्या हद्दी मिळतात तिथले दगड सर्वांत मोलाचे, कारण ते हलवायचे तर तिघांना कळते. टिपणावर दाखवलेली जुनी बांधीव विहीरही चांगला आधार. ओढ्याची कड, पायवाट, नव्याने घातलेला बांध, तारेचे कुंपण हे आधार म्हणून धरू नयेत.

दोन दगड सापडले की त्यांच्यातले अंतर टेपने, पातळीत धरून मोजा आणि टिपणाशी ताडा. टिपण 7-4 सांगते, म्हणजे 239.25 फूट, 72.92 मीटर. जागेवर 72.5 किंवा 73.3 आले तर दोन्ही दगड जागेवर असण्याची शक्यता दाट. 70 आले तर दोघांतला एक हललेला आहे. तिसऱ्या दगडावरून तो कोणता ते कळेल. मापाच्या या कागदावर दिशा, झाडे, विहिरी खुणेसाठी लिहा, फोटो काढा. एवढे काम शेतकरी स्वतः करू शकतो, त्याला कुठलाही परवाना लागत नाही, आणि मोजणीच्या दिवशी याच कागदाची सर्वांत जास्त मदत होते.

यंत्र आणि आधार यांची गल्लत

आता मोजण्या ईटीएस यंत्राने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या) आणि रोव्हरने (उपग्रहांवरून जागा ठरवणाऱ्या) होतात. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाची 77 कोर्स (सतत उपग्रहांचे संकेत टिपणारी) स्थानके आहेत. रोव्हर त्यांच्याकडून दुरुस्ती घेतो आणि उभ्या जागेचे अक्षांश-रेखांश काही सेंटिमीटरच्या फरकाने देतो. ही मोठी प्रगती आहे आणि तिचा आग्रह जरूर धरा. पण रोव्हर सांगतो तो ‘मी कुठे उभा आहे’ एवढेच. ‘हद्द कुठे आहे’ हे जुन्या टिपणावरून काढून, स्थिर बिंदूंवर बसवूनच मिळते. स्थिर बिंदू चुकीचा धरला तर रोव्हर चुकीची हद्द सेंटिमीटरपर्यंत अचूक दाखवील.

त्यात ऊस उभा असेल, आमराई दाट असेल, द्राक्षाचा मांडव असेल तर रोव्हरला आकाश नीट मिळत नाही. तारीख पीक निघाल्यावरची मिळेल असे पाहा, नाहीतर मोजणीदाराला मोकळ्या जागेवरून ईटीएस लावायची विनंती करा.

रोव्हरचा खरा फायदा पुढच्या पिढीला आहे. एकदा हद्द योग्य आधारावर ठरली आणि कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश नोंदले गेले, की दगड गेला तरी जागा पुन्हा सापडते. ‘क’ प्रतीबरोबर हे आकडे मिळतात का ते आवर्जून विचारा आणि मिळाले तर खरेदीखताइतके जपून ठेवा.

मोजणीच्या दिवशी

अर्ज ई-मोजणीवर होतो. 2024 च्या डिसेंबरपासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले आहेत. दर बदलत असतात, भरताना पोर्टलवर दिसेल तोच धरा. पैसे वाचवण्यापेक्षा अर्जात सगळ्या लगतदारांची नावे आणि पत्ते बरोबर लिहिणे जास्त महत्त्वाचे आहे. एका लगतदाराला नोटीस मिळाली नाही एवढ्या कारणावरून सगळी मोजणी वादात पडते. मृताचे नाव सातबाऱ्यावर तसेच असेल तर त्याच्या वारसांची नावे द्या.

मोजणीदार आला की त्याला फक्त वादाच्या बांधावर नेऊ नका. शिवेचा दगड, सापडलेले जुने दगड, विहीर, सगळे दाखवा आणि तुमच्या मापाचा कागद पुढे ठेवा. कोणते बिंदू स्थिर धरले ते मोजणी शीटवर आणि पंचनाम्यात लिहावे, अशी नम्रपणे पण लेखी विनंती करा. हरकत असेल तर ती त्याच दिवशी जबाबात नोंदवा. ‘मोजणी मान्य नाही’ हे एक वाक्य पुरत नाही. ‘उत्तर-पूर्व कोपऱ्यातील जुना दगड विचारात घेतलेला नाही’ असे नेमके लिहा. पुढे निमतान्यात (मोजणी अमान्य असल्यास होणाऱ्या फेरमोजणीत) तुमच्या हाती हेच वाक्य असते.

शेजारी अडवेल अशी धास्ती असेल तर पोलीस बंदोबस्त आधीच मागता येतो. शक्यतो ती वेळ येऊ देऊ नये. आदल्या संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन ‘दादा, उद्या मोजणी आहे, तुमच्याकडचा जुना कागद असेल तर घेऊन या’ असे सांगितले की वातावरण बदलते हे मी पाहिले आहे.

हिस्सा मोजता येत नाही, असे कार्यालय सांगते

सातबारा वेगळा आहे, 2/अ आणि 2/ब अशी नावे आहेत, मग मोजणी का होत नाही? कारण सातबारा फुटला, नकाशा फुटला नाही. भावांनी तोंडी वाटप केले, तलाठ्याकडे फेरफार झाला, क्षेत्र कागदावर विभागले गेले, पण कोणाचा तुकडा उत्तरेला आणि कोणाचा दक्षिणेला याचा नकाशा कधी झालाच नाही. नकाशाच नाही तर हद्द कायम कशाची करणार? इथे आधी पोटहिस्सा मोजणी करावी लागते आणि तिला सगळ्या सहधारकांची संमती लागते. एकानेही हात आखडला तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचा अर्ज किंवा दिवाणी दावा. माझी कळकळीची विनंती आहे, की वाटप करणारी पिढी हयात असताना हे उरकून घ्या. सख्ख्या भावांत तासाभरात होणारी सही चुलत भावांत दहा-दहा वर्षे अडते.

मोजणी झाली, शेजारी मानत नाही

मोजणीदार हद्द दाखवतो, ताबा देत नाही. खुणा झाल्या म्हणून दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घालून बांध फोडणे हा थेट गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे. मोजणी चुकीची वाटत असेल तर निमताना मोजणीचा अर्ज उप अधीक्षकांकडे, त्यावरही समाधान नसेल तर सुपर निमताना जिल्हा अधीक्षकांकडे. पण नवा आधार, नवा कागद, दुर्लक्षित राहिलेला दगड असे काही दाखवता येत नसेल तर निमताना बहुधा पहिल्या मोजणीवरच शिक्का मारतो.

चूक एकत्रीकरण योजनेतच असेल, म्हणजे गटाचा नकाशा किंवा क्षेत्रच मुळात चुकले असेल, तर हजार मोजण्यांनी ती सुधारत नाही. तिची दुरुस्ती त्या 1947 च्या कायद्याखालीच मागावी लागते आणि उशीर जितका जास्त तितकी ती अवघड होते. नुसता लेखनप्रमाद असेल, आकडा उतरवताना चुकलेला, तर संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज पुरतो.

मोजणी बरोबर आहे आणि शेजारी अतिक्रमण सोडत नाही, तर दिवाणी न्यायालय. तिथे मुदतीचे भान ठेवा. मालकाविरुद्धचा उघड, अखंड कब्जा बारा वर्षे चालला तर मालकाचा दावा मुदतबाह्य ठरवण्याचा मुद्दा समोरच्याला मिळतो. ‘नंतर बघू’ म्हणत वर्षे घालवू नका. निदान लेखी हरकत, नोटीस, मोजणी यांचा माग ठेवा.

आणि फरक थोडा असेल, दोघांनाही वकिलाच्या पायऱ्या नको असतील, तर संहितेत कलम 137 आहे: वेड्यावाकड्या हद्दी सरळ करून घेण्याची सोय. नागमोडी बांधामुळे ज्यांना औत वळवायलाही त्रास होतो, त्यांनी याचा जरूर विचार करावा.

खुणा टिकवणे

चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते, लाकडी खुंटी चुलीत जाते. मोजणीदाराने खूण दाखवल्याच्या दिवशीच तिथे दगड रोवा, तेही शेजाऱ्यासमोर. कोपऱ्यावर किमान दोन-अडीच फूट खोल, तळाशी कोळसा किंवा विटांचे तुकडे टाकून, म्हणजे वरचा दगड कोणी उपटला तरी खालचा थर जागा सांगतो. लांब बांध असेल तर मध्येही एक-दोन दगड हवेत. प्रत्येक दगडाचा, मागची विहीर किंवा झाड दिसेल असा, तारीख असलेला फोटो घ्या. हद्दीच्या खुणा सांभाळणे ही संहितेच्या कलम 141 प्रमाणे धारकाची जबाबदारी आहे आणि त्या नष्ट करणे कलम 145 प्रमाणे दंडनीय.

अलीकडे सर्वांत जास्त दगड जातात ते जेसीबीने सपाटीकरण करताना. चालक परगावचा असतो, त्याला दगड म्हणजे अडथळा दिसतो. यंत्र रानात उतरण्याआधी प्रत्येक हद्दीच्या दगडाला उंच काठी बांधून लाल फडके लावा, आणि बांधापासून चार फूट आत फळी थांबेल हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.